आधी फुनाफुती, मग मुंबई

ग्रुप: आपली माणसं
शनिवार सकाळ

शिरीषकाका: सगळ्यांना कळवतो. ऑगस्टमध्ये मी आणि माधुरी तुवालूला जायचं म्हणतोय. तिकिटांची चौकशी सुरू आहे. कुणाला काही ठोस माहिती असेल तर टाका. फॉरवर्ड नकोत.

मंजूआत्या: कुठे?

शिरीषकाका: तुवालू. पॅसिफिकमधला देश, फिजीच्या उत्तरेला. राजधानी फुनाफुती. नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर. वस्ती अकरा हजारांच्या आसपास.

सुहासदादा: काका, अकरा हजार तर आमच्या टाउनशिपमध्ये राहतात. आणि पाणी तिथेही नसतं.

मंजूआत्या: शिऱ्या, आयुष्यभर समुद्रच बघितलास ना? निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात.

शिरीषकाका: मंजूताई, बोसनला भेटायचंय, म्हणजे आमच्या जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाला. नव्वदच्या दशकात आम्ही दोन काँट्रॅक्ट एकत्र केली. जर्मन मालकाची जहाजं होती, त्यांवर तेव्हा तुवालूची पोरं बरीच असायची. मी थर्ड इंजिनियर. एकदा इंजिनाचं तेल साफ करायच्या खोलीत माझा हात भाजला तेव्हा पंधरा दिवस माझे कपडे त्यानं धुतले. जहाज सोडताना म्हणाला, रिटायर झालास की ये, पत्ता लागत नाही, विमानातून उतरलास की कुणालाही माझं नाव विचार. मागच्या वर्षी नातीनं त्याला फेसबुकवर आणला. आता दर रविवारी विचारतो, कधी येतोस.

माधुरीकाकू: हे मला लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर कळतंय, हात भाजला होता ते.

निनाद (पुणे): काका, मी बसलो शोधायला. मस्त कॉम्बिनेशन मिळालंय. मुंबई–सिंगापूर एका स्वस्तातल्या कंपनीचं. सिंगापूर–नदी वेगळं. नदी–सुवा वेगळं. सुवा–फुनाफुती वेगळं. चार तुकडे केले की माणशी चौदा हजार वाचतायत!

शिरीषकाका: पहिली गोष्ट, नदी नाही, नांदी. लिहितात तसं, म्हणतात नांदी. सुव्यासारखंच फिजीतलं शहर.

सुहासदादा: वा. नाटकाच्या आधी नांदी. शास्त्रोक्त आहे.

शिरीषकाका: दुसरी गोष्ट. बॅग?

निनाद: बॅगेचं काय?

शिरीषकाका: सिंगापूरला बॅग कोण घेणार? वेगळ्या तिकिटावर बॅगेला टॅग लागतो फक्त सिंगापूरपर्यंत. ती पट्ट्यावरून उचलायची तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर जायचं. बाहेर जायचं तर आपल्या पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा. तोच प्रवास मुंबई ते नांदी एका तिकिटावर असला की बॅग पुढे जाते, आपण आतल्या आत कॉफी पीत बसतो आणि व्हिसाचा प्रश्न येत नाही. आता तुझ्या चौदा हजारांतून माणशी व्हिसाचे पैसे वजा कर, स्वस्तवाल्या कंपनीला बॅगेचे वेगळे मोजायचे ते वजा कर, आणि पहिलं विमान तीन तास लेट झालं तर दुसरी कंपनी "तुमचं तुम्ही बघा" म्हणते, त्याचं काय ते तू ठरव.

निनाद: ओके. हे त्या साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शिरीषकाका: लिहिलेलं असतं. "सेल्फ ट्रान्सफर" एवढेच दोन शब्द, करड्या रंगात.

वहिनी: काकांना अनुमोदन. आमच्या बालीच्या ट्रिपला हेच झालं होतं. मधल्या एअरपोर्टवर बॅग येईपर्यंत पुढचं विमान आमच्या डोळ्यांदेखत मागे सरकत होतं. ह्यांनी काचेवर हात आपटले. नवीन तिकिटं काढली त्या पैशांत आणखी एक बाली झाली असती.

सुहासदादा: हा विषय ग्रुपवर आणायची गरज नव्हती.

नंदूमामा: सुप्रभात. ज्याच्या घरी तुळस त्याच्या घरी कळस. आजचा दिवस आनंदाचा जावो.

शिरीषकाका: नंदू.

सायली (सिडनी): मामा!! सिडनीवरून जा ना! इथून नांदीला रोज विमानं आहेत, जेमतेम चार तास. चार दिवस माझ्याकडे राहा, हॅरिस पार्कला वडापाव खाऊ, मग पुढे जा.

शिरीषकाका: सायू, तुझं आमंत्रण डोक्यावर. पण ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायचं तरी आपल्याला ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज आहे. तुझ्याकडे चार दिवस राहायचं तर व्हिजिटर व्हिसा, त्याची फी दोघांची, नाकारला तरी परत नाही. फिजीला मात्र आपल्याला आधी व्हिसा लागत नाही. तुवालूत उतरल्यावर परवाना देतात, परतीचं तिकीट दाखवायचं. म्हणजे सिंगापूरवरून गेलो तर एकही व्हिसा न काढता पोचतो. ह्या वयात बँक स्टेटमेंटं जोडत बसायचा कंटाळा येतो गं.

सायली: मग मीच येते फिजीला! वीकेंडला. माझे पॉइंट्स पडून आहेत. फिजी एअरवेज आता वनवर्ल्ड ह्या विमान कंपन्यांच्या गटात आली ना, बघते त्यात बसतं का.

मंजूआत्या: आईकडे यायला रजा नसते, मामाला भेटायला फिजी.

शनिवार दुपार

निनाद: काका, मग सुरुवात कुठून करायची? मुंबई–नांदीचे भाव रोज बदलतायत. आत्ता घेऊन टाकू का?

शिरीषकाका: नको. जेवण झालंय, सविस्तर लिहितो.

आपण सगळे मुंबईपासून सुरू करतो, तीच चूक. ह्या प्रवासात शेपूट आधी पकडायची. सुवा ते फुनाफुती हे विमान आठवड्यातून मोजके दिवस असतं. पंख्याचं एटीआर, सत्तरच्या आसपास माणसं बसतात. त्यात तिथली घरी परतणारी माणसं, पेशंट, सरकारी अधिकारी, आणि समुद्रात भराव टाकून जमीन वाढवायचं काम चाललंय तिथले तज्ज्ञ. उरलेल्या जागा आपल्याला. मुंबई–सिंगापूर दिवसभर विमानं आहेत. सिंगापूर–नांदी रोज नाही, पण आहे. म्हणून आधी फुनाफुतीच्या जाण्या-येण्याच्या तारखा पक्क्या, त्यांच्याभोवती सिंगापूर–नांदी, आणि मुंबई सगळ्यात शेवटी. उलट केलंस तर मुंबईचं तिकीट स्वस्तात पडतं आणि फिजीत सहा दिवस हॉटेलचं भाडं भरत शेवटच्या विमानाची वाट बघावी लागते.

आता मधली गंमत. आंतरराष्ट्रीय विमान उतरतं नांदीला, बेटाच्या पश्चिमेला. फुनाफुतीचं सुटतं नौसोरीहून, सुव्याच्या पलीकडे, पूर्वेला. मध्ये विमान अर्ध्या-पाऊण तासाचं. पण बसही आहे, समुद्राकाठच्या रस्त्यानं, सिंगाटोकावरून, चार-एक तास. मला बस हवी आहे. पैसे वाचतात आणि देश दिसतो.

वहिनी: काकूंच्या कंबरेचं काय?

माधुरीकाकू: मी लालपरीनं जन्मभर कराड–रत्नागिरी केलंय. फिजीला कुंभार्ली घाट आहे का?

शिरीषकाका: नाही. आणि बसमध्ये हिंदी चालेल. १८७९ पासून गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, ऊस तोडायला नेलेल्या आपल्या माणसांची नातवंडं-पतवंडं. त्यांची हिंदी अवधी-भोजपुरी वळणाची आहे. रोटीत बटाट्याची भाजी गुंडाळून "रोटी पार्सल" मिळतं. माधुरीचा जेवणाचा प्रश्न फिजीपुरता मिटला.

सुहासदादा: आणि जाताना दोन रात्री, येताना दोन रात्री फिजीत ठेवा काका. छोटं विमान, पाऊस आला की रद्द.

शिरीषकाका: ठेवतोय. एक विमान हुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी नाही, काही दिवसांनी. येताना दोन नाही, तीन रात्री. नौसोरीतल्या साध्या लॉजचं भाडं हे सिंगापूरच्या नवीन तिकिटापुढे काहीच नाही.

निनाद: आणि महिना ऑगस्टच का? मेमध्ये ऑफ सीझन दाखवतंय, बराच फरक आहे.

माधुरीकाकू: यंदा अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून. जावई येणार, तेहतीस अनारसे करायचेत. मी मे-जूनमध्ये कुठेही जाणार नाही.

शिरीषकाका: झालं. तसंही मुंबईहून मेमध्ये शाळांच्या सुट्टीचे भाव. जुलैच्या पूर्वार्धात सिडनीवाल्यांच्या शाळांना सुट्टी, सगळे फिजीला. सप्टेंबरअखेर परत त्यांची सुट्टी. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. मधली फट ऑगस्टची. आणि १४ सप्टेंबरला गणपती, त्याच्या आत घरी.

मंजूआत्या: एवढा हिशेब तू माझ्या लग्नात केला असतास तर मांडववाल्यानं फसवलं नसतं.

रविवार

माधुरीकाकू: खायला काय न्यायचं ते सांगा. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी काढली आहे.

शिरीषकाका: फिजीला बायोसिक्युरिटी कडक असते. पॅकबंद, लेबल असलेलं घे आणि फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत म्हणून स्वच्छ लिहायचं. लपवलं तर दंड, दाखवलं तर फार तर काढून घेतील. बरणीतली घरची चटणी राहू दे.

माधुरीकाकू: मेतकूट सील करून आणते सहकारी भांडारातून.

वहिनी: तिथे शाकाहारी माणूस खातो काय?

शिरीषकाका: नारळ, विलायती फणस, आणि पुलाका. पुलाका म्हणजे अळकुड्यांचा थोरला भाऊ. जमिनीत खड्डे खणून लावतात. बोसन जहाजावर त्याच्या आठवणीनं हळवा व्हायचा. आता समुद्राचं पाणी त्या खड्ड्यांत झिरपतं आणि पीक खारवतं, म्हणून त्याच्या बायकोनं लावणं सोडलंय. बाकी तांदूळ वगैरे सगळं बोटीनं बाहेरून येतं.

निनाद: काका, कार्ड चालेल ना? फॉरेक्स कार्ड काढून देतो.

शिरीषकाका: काढ, फिजीसाठी. तुवालूत पहिलं एटीएम एप्रिल २०२५ मध्ये लागलं. देशातलं पहिलं! तेव्हा ऑस्ट्रेलियन डॉलर रोख नेणार, तेच चलन चालतं. छोट्या नोटा सांगून घेणार.

सुहासदादा: आणि विमा? तिथे स्वस्तातला घेऊ नका.

शिरीषकाका: तिथे मात्र हात आखडणार नाही. हॉस्पिटल आहे, पण गंभीर पेशंटला फिजीला हलवतात. पॉलिसीत पेशंटला विमानानं हलवायचा खर्च धरलाय ना, तेवढं सुहास तू वाचून दे. बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या, दोन वेगळ्या बॅगांत.

वहिनी: आजी विचारतायत, तिथे एकादशी आपल्या आधी येते का?

शिरीषकाका: आई, तिथलं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे. तारीख आपलीच. तारीख बदलायची रेषा तुवालूच्या पूर्वेला आहे, आम्ही तिच्या अलीकडेच थांबतो. पलीकडच्या सामोआनं २०११ साली ती रेषाच ओलांडली. ३० डिसेंबर हा दिवस त्यांनी गाळला. २९ नंतर थेट ३१.

वहिनी: आजी म्हणतायत, त्यात काय विशेष, क्षयतिथी. पंचांगात नेहमी असते. आणि शिरीषला सांग तिथलीच धर, मी इथली धरते.

बुधवार रात्र

शिरीषकाका: झालं. फुनाफुतीच्या दोन्ही बाजूंच्या जागा मिळाल्या. बाहेरची तिकिटं उद्या निनाद करतोय, मुंबई–नांदी एकत्रच. फुनाफुतीचा विमानतळाचा कोड वाचा, तीन अक्षरं: एफ, यू, एन.

निनाद: फन!

शिरीषकाका: बोसनला फोन केला. ओरडला नुसता. धावपट्टी त्याच्या घरासमोरच. १९४३ साली अमेरिकन नौदलानं बांधली, गावातली सगळ्यात रुंद मोकळी जागा तीच. संध्याकाळी पोरं तिच्यावर व्हॉलीबॉल, फुटबॉल खेळतात. उकाड्यात माणसं चटया टाकून झोपतात. विमान यायच्या आधी सायरन वाजतो, मग जाळी गुंडाळून सगळे कडेला. म्हणाला, तुझं विमान येईल तेव्हा जाळी मी स्वतः काढीन.

सायली: मामा मला रडवणार तू.

मंजूआत्या: तारखा काय?

शिरीषकाका: घरून १८ ऑगस्टला निघायचं. फुनाफुतीत २२ ते २९. मुंबईत ३ सप्टेंबर.

मंजूआत्या: २८ ला नारळी पौर्णिमा आहे.

शिरीषकाका: माहितीये. तिथे समुद्राला नारळ वाहणार. एका बाजूला लगून, म्हणजे बेटांच्या आतला शांत समुद्र, दुसऱ्या बाजूला महासागर, काही ठिकाणी मध्ये फक्त रस्ता. दोन्हीकडे एकेक वाहीन. नारळ इथून न्यायचा नाही हे माधुरीला तीनदा सांगून झालंय.

मंजूआत्या: नारळाचं नाही म्हणत मी. २८ ला राखी आहे.

शिरीषकाका: ...

मंजूआत्या: एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा. तू जहाजावर असायचास तेव्हासुद्धा एजंटच्या पत्त्यावर पाठवत होते मी.

शिरीषकाका: आणि बोसन ती फाटेपर्यंत हातात ठेवायचा. दरवर्षी माझ्या पाकिटात तू दोन घालायचीस ना, जास्तीची, तुटली तर असावी म्हणून. ती तो घ्यायचा.

मंजूआत्या: हे मला आत्ता सांगतोयस?

माधुरीकाकू: ताई, ह्या माणसाचं सगळं आत्ताच बाहेर येतंय.

मंजूआत्या: निनाद, त्या छोट्या विमानात वजन किती चालतं ते बघून ठेव. दोन राख्या देते. आणि त्याच्या नातवंडांची नावं विचार, किती आहेत ते.

शिरीषकाका: अकरा.

मंजूआत्या: बरं. मग तेरा.