स्वयंपुनर्विकास : बिल्डरचा नफा वाचला, तो वापरायचा कसा?

सचिव : रविवारच्या सभेआधी एक मुद्दा इथेच बोलून घेऊ. बिल्डर न नेमता जुनी इमारत पाडून नवी आपणच बांधणार, म्हणजे त्याच्याकडे जाणारा नफा सोसायटीत राहील. तो सगळ्यांना जादा क्षेत्र म्हणून वाटायचा की आणखी कशाला वापरायचा, हे आर्किटेक्ट नेमण्याआधी ठरायला हवं.

ब-४०१ : जादा क्षेत्रच द्या. सगळ्यांना सारखं, भांडण नाही.

अ-१०३, सीए : दादा, आकडे बघा. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७)(ब) नुसार सध्याच्या बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा घरटी १० चौ.मी., यातलं जास्त ते जादा बांधकाम प्रीमियमशिवाय, म्हणजे पालिकेला त्याचे वेगळे पैसे न भरता, मिळतं. आपली २४ घरं, प्रत्येकी ५० चौ.मी. बांधीव धरली तर १५ टक्क्यांनी १८०, घरटी हिशेबाने २४०. म्हणजे २४०. वाटले तर प्रत्येकाला साधारण १०८ चौ.फूट. पण ५०० चौ.फूट कार्पेटपर्यंतच्या (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) घरांना मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आज बरीच घरं त्या आत आहेत. जादा खोली आली की माफी गेली, आणि ते बिल पेन्शनमधून भरायचं. शिवाय विक्रीला काही उरलं नाही, तर बँकेचं कर्ज फिटणार कशातून?

क-२०२ : ताई, मग ज्येष्ठांना काय मिळणार?

अ-१०३, सीए : काका, कॉर्पस, म्हणजे वाचलेल्या नफ्यातून बाजूला ठेवलेला निधी. रोख हातात नको, प्रत्येकाच्या नावे मुदत ठेव. १० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ७० हजार, महिन्याला साधारण ५,८००. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आली की मेंटेनन्स वाढणारच. तो व्याजातून निघाला तर म्हातारपणी घर विकायची वेळ येत नाही.

ब-३०४, सिव्हिल इंजिनिअर : पैशाइतकंच महत्त्वाचं ड्रॉइंग. आठ जणांच्या लिफ्टची केबिन साधारण ११०० मिमी खोल असते, स्ट्रेचर जवळपास २००० मिमी लांब. एक तरी लिफ्ट स्ट्रेचरची हवी. लिफ्टचा शाफ्ट एकदा ओतला की रुंदावत नाही. बाथरूमला उंबरठा नको असेल तर तिथला स्लॅब आरसीसी ड्रॉइंगमध्येच खाली घ्यावा लागतो. ते राहिलं की सांडपाण्याच्या ट्रॅपसाठी लादी वर उचलतात आणि पायरी तयार होते. नेमकी तिथेच माणसं पडतात. दार किमान ९०० मिमी, आत नव्हे, बाहेर उघडणारं. पडलेला माणूस दाराला अडून राहिला तर आत ढकलून उघडत नाही. आणि कमोडशेजारचा आधाराला धरायचा बार : भिंत हलक्या एएसी ब्लॉकची असेल तर साधा प्लॅस्टिक प्लग वजनाने उपटून येतो. त्या उंचीला काँक्रीटचा पट्टा आधीच भरून घ्या. खर्च किरकोळ, नंतर मात्र टाइल फोडाव्या लागतात.

अ-४०२ : आणि तरुण जोडप्यांसाठी? मुलं बदलापूरला जाऊन राहतात.

अ-१०३, सीए : विक्रीच्या घरांपैकी काही छोटी, ३५-४० चौ.मी.ची ठेवता येतील, खर्च अधिक व्याज एवढ्याच भावाने. दोन गोष्टी आधी समजून घ्या. १ टक्का जीएसटीसाठी ६० चौ.मी. कार्पेट आणि ४५ लाख किंमत, दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. किंमत वर गेली की ५ टक्के. आणि विक्री असल्यामुळे रेरा (गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) नोंदणी लागेल, खरेदीदारांच्या पैशातला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात राहील. तो फक्त बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठीच काढता येतो.

ब-४०१ : बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं किती धरलंय?

ब-३०४, सिव्हिल इंजिनिअर : घरटी महिन्याला ३० हजार, ३० महिने : २ कोटी १६ लाख. सहा महिने उशीर झाला तर आणखी ४३ लाख २० हजार. अनेक प्रकल्प इथेच अडकतात, सिमेंटच्या भावाने नव्हे. राखीव रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

सचिव : कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, त्याचं काय? बँक तेच पहिलं विचारेल.

अ-१०३, सीए : जमीन अजून मूळ बिल्डरच्या नावावर आहे. मोफा (महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा) कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरने करून न दिल्यास) अर्ज, मग प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव. ते झाल्याशिवाय गहाण ठेवायला आपल्याकडे काहीच नाही. बाकी सगळं त्यानंतर.

सचिव : सोसायट्यांच्या पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे गणपूर्ती दोन तृतीयांश, म्हणजे १६ जण, होकार ५१ टक्क्यांचा, लेखी, म्हणजे १३. क विंगमधले गावी गेलेले तिघे रविवारी येणार का, कुणी विचारेल? बाथरूमचा स्लॅब आणि लिफ्ट विषय क्रमांक ४ मध्ये घेतोय.