महजर लिहावं की पंचनामा?

खानापूर : माझा चुलतभाऊ वनखात्यात आहे. भीमगडच्या रानात शिकारीचा माग लागला, कुठं शिंगं किंवा मांस सापडलं, की तो म्हणतो, 'आधी स्थळ महजर, मग बाकीचं.' हा शब्द कानडी का? मराठी बातमीत पंचनामाच लिहायचा का? आणि फॉरेन्सिकला 'न्यायवैद्यक' चालेल?

बेळगाव : दादा, कानडी कचेरीतून तो आपल्या कानावर येतो इतकंच. मूळ अरबी, हजर-हजेरीच्या घरातला. मराठी दप्तरात तर फार जुना. वतनाचा तंटा गोतापुढं, म्हणजे गावकी-भाऊबंदांच्या सभेपुढं, आला की 'हाजीर मजालस' म्हणून बसलेल्यांची नावं मांडून निवाडा लिहीत, तो कागद म्हणजे महजर. महाराष्ट्रात पुढं पंचनामा रुळला, कर्नाटकात महजर टिकला. आता त्याचा अर्थ निवाडा नाही. पंचांसमोर जागेवर जे दिसलं, जप्त झालं, त्याची नोंद एवढाच. आपण सीमाभागात बेधडक 'महजर' लिहावं. शब्द आपलाच आहे.

'न्यायवैद्यक' मात्र इथं नको. त्यात माणसाचं शवविच्छेदन, जखमा, विष येतं. पातेल्यातलं शिजलेलं मांस भेकराचं की बकऱ्याचं, हे डीएनएवरून ठरतं. पेशीत मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) डीएनएच्या पुष्कळ प्रती असतात, म्हणून शिजल्यावरही बहुधा ओळख पटते. असे नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू संशोधन संस्थेत, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत तपासतात. महाराष्ट्र सरकारच्या प्रयोगशाळेच्या नावात 'न्यायसहायक' आहे, कानडीत 'विधिविज्ञान'. मला न्यायसहायक पटतो.

निपाणी : एक भर घालते. रानात लावलेल्या, जनावर आलं की आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्याला बातम्यांत 'कॅमेरा-सापळा' लिहितात, ते थांबवा. त्याच बातमीत शिकाऱ्याचा सापळा असतो आणि पोलिसांनी 'सापळा रचलेला' असतो. वाचणाऱ्यानं काय समजायचं? कॅमेरा ट्रॅपच म्हणा. शिकाऱ्याच्या तारेला आपल्याकडं फासकी हा नेमका शब्द आहे, जाळ्याला वागूर.

कॅमेरा ट्रॅपचं मोल मोठं आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्याच्या दोन कुशींवरचेही एकसारखे नसतात. जप्त कातड्याचे पट्टे जुन्या फोटोंशी जुळले, तर तो वाघ कुठल्या रानातला हे कळतं.

आणि महजरात नुसतं 'फोटो काढला' लिहून भागत नाही. आधी लांबून जागा, मग वस्तू, मग शेजारी मोजपट्टी ठेवून. पायठशाचा फोटो बरोबर वरून, पट्टी ठशाच्याच पातळीत, नाहीतर माप खोटं पडतं. मूळ फाइल जपायची. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की वेळ-ठिकाणाची माहिती गळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलीचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, द्यावं लागतं.

खानापूर : ताई, मग 'छायाचित्र जोडले' याऐवजी काय लिहावं?

निपाणी : 'मूळ छायाचित्र-फाइल पंचांसमक्ष मोहोरबंद केली.' काय केलं ते त्यात स्पष्ट येतं.