‘गं. भा.’, ‘श्रीमती’ की नुसतं नाव?

प्रश्न

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. पत्रिकेचा मजकूर मीच लिहून दिला होता, त्यात निमंत्रक म्हणून आईचं नाव. प्रूफ आलं तर नावाआधी छापखान्याने आपणहून ‘गं. भा.’ घातलेलं. विचारलं तर म्हणाले, ‘तसंच असतं साहेब.’ वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. आईने चष्मा लावून पत्रिका वाचली, त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘माझ्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं, आणि लोकांना आधी हे सांगायचं?’ ‘श्रीमती’ लिहावं का? मावशी म्हणते, तेही विधवेलाच लावतात.

प्रतिसाद

‘श्रीमती’ म्हणजे ‘श्री’ जिच्याकडे आहे ती. ‘श्रीमान’चं स्त्रीलिंगी रूप, त्यात नवरा कुठेच नाही. हिंदीत ते लग्न झालेल्या बाईला लावतात, सरकारी पत्रात कुठल्याही बाईला. आपल्याकडे मात्र सवाष्णीला ‘सौ.’ ठरलेलं, म्हणून उरलेलं ‘श्रीमती’ विधवेच्या वाट्याला आलं. मावशींचं निरीक्षण बरोबर आहे, पण दोष शब्दाचा नाही.

खरा घोळ ‘सौ.’मध्ये आहे. सौभाग्य म्हणजे चांगलं भाग्य. सभेत एखादा पाहुणा ‘इथे बोलायला मिळालं हे माझं सौभाग्य’ म्हणतो, तेव्हा त्याची बायको हयात आहे का, असं कुणाच्या मनातही येत नाही. बाईचं सौभाग्य तेवढं नवऱ्याच्या श्वासाला बांधलेलं!

प्रतिसाद

‘गंगाभागीरथी’ जुन्या पत्रांच्या मायन्यात आदरार्थीच आहे, गंगेसारखी पवित्र अशा अर्थाने. माझ्या आजोबांची पत्रं ‘तीर्थरूप गं. भा.’ अशीच सुरू व्हायची आणि त्यात माया होती, हे मी नाकारणार नाही. पण ज्या समाजाने मायन्यात गंगा म्हटलं, त्याच समाजाने तिचं केशवपन केलं, आलवण (विधवेचं लाल लुगडं) नेसवलं, आणि घरात भांडण झालं की ‘बोडकी’, ‘पांढऱ्या पायाची’ म्हटलं. पत्रातला शब्द एक आणि माजघरातला दुसरा. मला माजघरातलाच खरा वाटतो.

एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव आणायला आपल्या खात्याला सांगितलं होतं. केवढी टीका झाली! शेवटी निर्णय झालेला नाही, नुसती चर्चा आहे, असा खुलासा त्यांना करावा लागला. बायकांची हरकत अशी होती की नाव बदलून द्या असं आम्ही मागितलंच कधी?

प्रतिसाद

व्युत्पत्तीचं थोडं. ‘विधवा’ची फोड सर्रास वि + धव, म्हणजे ‘धव (नवरा) नसलेली’, अशी करतात. भाषाभ्यासकांच्या मते उलट घडलं: ‘विधवा’ हा फार जुना शब्द, लॅटिनमधला ‘विदुआ’ त्याचा भाऊबंद, आणि ‘धव’ त्यातून मागाहून पाडला गेला. मूळ अर्थ ‘रिती, उणी पडलेली’ असा. ‘विधुर’ही संस्कृतात आधी ‘वंचित, व्याकूळ’ एवढ्याच अर्थाचा. पण विधुराला पत्रिकेत कुठलं उपपद आहे? बायको होती तेव्हा ‘श्री.’, गेली तरी ‘श्री.’. दुसरं लग्न केलं तर फार तर ‘बिजवर’, तेही बोलण्यात.

हाच प्रश्न बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली छापून विचारला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा बालहत्येचा खटला आणि त्यावरून साऱ्या स्त्रीजातीला दिलेली दूषणं वाचून त्या पेटून उठल्या. पुस्तकाच्या नावात त्यांनी ‘तुलना’ हा शब्द घातला, ‘स्त्रीपुरुष तुलना’. दया मागितली नाही, दोघांना एकाच तराजूत घातलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, म्हणजे तेव्हा २६ वर्षं जुना. कागदावर वाट मोकळी होती, पण घराघरांत आणि जिभेवर बंदी तशीच.

प्रतिसाद

मी शिरोळ तालुक्यातली. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. पुढे सरकारने इतर गावांनाही हेच करा म्हणून कळवलं. तुम्ही पत्रिकेतलं ‘गं. भा.’ काढाल, पण रुखवताजवळ आईंना मागे उभं केलंत तर काय उपयोग? औक्षणाचं ताट त्यांच्याच हातात द्या.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. आता तिचं नुसतं नाव जातंय, आणि सीमांतपूजनाला औक्षण तीच करणार, हे तिने स्वतः व्याह्यांना फोन करून सांगितलं.

पण नवरी प्रूफ हातात घेऊन बसलीय. तिच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ आहे, सौभाग्याची इच्छा धरणारी, आणि त्याच्या नावाआधी नुसतं ‘चि.’. ती विचारतेय, त्याला कसलीच कांक्षा नाही का? छापखान्याला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय.