एका फोल्डरमध्ये १,४०,००० स्कॅन. यादी यायला चार मिनिटं

मोडीचं_दप्तर
नमस्कार. सदाशिव पेठेत आमचं जुनी मोडी कागदपत्रं स्कॅन करायचं छोटं काम आहे. मशीन मीच सांभाळते. सहा सर्व्हरवर ग्लस्टरएफएस (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा दाखवणारी फाईल-सिस्टीम), डिस्ट्रिब्युटेड व्हॉल्यूम (म्हणजे फायली सहांमध्ये वाटलेल्या), गिगाबिट स्विच. एकाच फोल्डरमध्ये १,४०,००० टिफ फायली साठल्यात. एलएस -एल (तपशीलवार यादीची कमांड) मारलं की चार मिनिटं स्क्रीन कोरी. आमच्याकडे मोडी वाचायला येणारे काका ७८ वर्षांचे आहेत. सकाळचे दोन तास त्यांचे डोळे चांगले साथ देतात, आणि तेच तास यादीची वाट बघण्यात जातात. मला फार वाईट वाटतं. एसएसडी घेऊ का?

कोथरूडकर
एसएसडीने फरक पडेल. बजेट असेल तर घेऊन टाका.

रात्रपाळी
ताई, एवढ्यात पैसे घालू नका. आधी एलएस शब्दापूर्वी बॅकस्लॅश लावून, मोठ्या यू-सह चालवा. म्हणजे यादीला रंग देणारा अलियास (कमांडचं आधीच ठरवलेलं रूप) सुटतो, सॉर्टिंग होत नाही आणि नुसती नावं येतात. ती झटकन आली तर दोष डिस्कचा नाही.

नावांची यादी स्वस्त असते. महाग पडतं ते प्रत्येक नावामागे साइज, तारीख, परवानग्या विचारणं. एसट्रेस -सी (कमांड सिस्टीमला काय काय विचारते ते मोजणारं साधन) लावून बघा: दर फाईलला एक स्टॅट (फाईलचा तपशील विचारणं), शिवाय एसीएलसाठी (जादा परवानग्यांची यादी) वेगळी विचारणा. उत्तर कॅशमध्ये (जवळच्या तात्पुरत्या साठ्यात) नसलं की ती विचारणा नेटवर्कवरून जाऊन येते. एका फेरीला अर्धा मिलीसेकंद धरा, १,४०,००० फेऱ्यांचे ७० सेकंद झाले. आणि हा फक्त एका प्रकारच्या विचारणेचा हिशोब.

त्यात ग्लस्टर प्रत्येक फोल्डर सहाही ब्रिकवर (ब्रिक म्हणजे एकेका सर्व्हरवरची साठ्याची जागा) ठेवतं, आणि यादी करताना एक ब्रिक संपली की दुसरीकडे जातं. ग्लस्टर ३.१० पासून (२०१७) पॅरलल-रीडडिर हे सेटिंग आहे, त्याने सगळ्या ब्रिकना एकदम विचारलं जातं. रीडडिर-अहेड (यादी आगाऊ वाचणारं सेटिंग) सोबत ते चालू करा आणि क्लायंटवर, म्हणजे फायली बघता त्या मशीनवर, व्हॉल्यूम पुन्हा माऊंट करा (जोडा). मग व्हॉल्यूमला मेटाडेटा-कॅश हा ग्रुप (सेटिंगचा तयार संच) लावा. माहिती ६०० सेकंद क्लायंटकडे राहते आणि फाईल बदलली की सर्व्हर स्वतः कळवतो, म्हणून शिळी यादी दिसायची भीती कमी.

पण खरं औषध फोल्डर फोडणं. तुमचे कागद मुळात रुमालांतच बांधलेले असतील ना? मग रुमालाला एक फोल्डर करा. पत्रागणिक फोल्डर मात्र करू नका, प्रत्येक फोल्डर सहा ठिकाणी तयार होतो आणि तोच भार पुन्हा बोकांडी बसतो.

मोडीचं_दप्तर
दादा, मनापासून आभार. नुसती नावं नऊ सेकंदांत आली! सेटिंग बदलून माऊंट केल्यावर एलएस -एल ५० सेकंदांवर आलं. रुमालवार फोल्डर काल रात्री केले, एकेकात साधारण ८०० फायली. आज काकांनी रुमालाचा नंबर सांगितला, मी उघडला, आणि त्यांनी चष्मा लावेपर्यंत यादी समोर होती. एसएसडीचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवलंय.

रात्रपाळी
छान. बॅकअपची स्क्रिप्ट जुन्याच फोल्डरकडे बघत नाही ना, तेवढं आजच तपासा.