मदत हवी आहे: उत्तर ऑन्टारियोतल्या मॉलच्या छतावर पार्किंग द्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची, आता कॅनडातल्या ऑन्टारियोत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. सडबरीच्या पट्ट्यात एका गावात मोठं शॉपिंग सेंटर बांधायचं काम आमच्याकडे आलं आहे. दोन मजले दुकानं, मधे काचेच्या छताचा चौक. मालकांचा आग्रह आहे की पार्किंग दुकानांच्या वर, छतावरच द्या. त्यांची अडचण खरी आहे. जागा अरुंद, आणि जरा खणलं की कॅनेडियन शील्डचा, म्हणजे इथल्या प्राचीन खडकाच्या पट्ट्याचा, कातळ लागतो. तळघर करायचं तर सुरुंग लावावे लागतील, आणि तो खर्च ऐकूनच ते मागे सरतात.

मला मात्र छतावर पार्किंग नको आहे, कारण याच भागातलं एलियट लेक डोळ्यांसमोर आहे. युरेनियमच्या खाणींवर वाढलेलं हे गाव. तिथला अल्गो सेंटर मॉल १९८० साली सुरू झाला, पार्किंग छतावर. पहिल्यापासून गळत होता. दुकानांत, आतल्या ग्रंथालयात बादल्या ठेवायचे, ताडपत्र्या बांधायचे, सांध्यांत सीलंट भरत राहायचे. ते पाणी साधं नव्हतं, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ त्यात होतं. तीस वर्षं ते पोलादी सांगाड्यावर झिरपलं. २३ जून २०१२ रोजी एका बीम-कॉलमच्या जोडावरचं गंजलेलं वेल्ड तुटलं आणि पार्किंगचा तुकडा खाली दुकानांवर आला. दोन बायका गेल्या. त्याआधी काही आठवडेच तपासणी करून इमारत ठीक असल्याचं लेखी दिलं गेलं होतं. न्यायमूर्ती बेलांजे यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१४ मध्ये आला. इमारत गंजाने पाडली, पण गंज इतका वाढू दिला तो माणसांनी, असा त्याचा रोख आहे.

मालक म्हणतात, "ते जुनं बांधकाम, आता मेम्ब्रेन (पाणी अडवणारे थर) चांगली मिळतात." याला आकड्यांनी उत्तर द्यायचं आहे. तुमच्यापैकी कोणी थंड प्रदेशातल्या पार्किंग स्लॅबवर काम केलं आहे का? छतावरचं पार्किंग टाळायला काय मांडू? टाळता आलंच नाही तर कोणत्या अटींवर अडून बसू?

दुसरा छोटा प्रश्न चौकाचा. मिनिआपोलिसजवळच्या मॉल ऑफ अमेरिका या मोठ्या मॉलच्या सार्वजनिक भागात हीटिंगच नाही, मग आपल्याला कशाला, असंही मालक विचारतात.

---

प्रतिसाद, मुंबईहून

ताई, मी बर्फातलं काम केलेलं नाही, पण समुद्राकाठच्या इमारतींची दुरुस्ती हाच माझा धंदा आहे, आणि शत्रू तोच आहे, मिठातलं क्लोराइड. काँक्रीटच्या अल्कलीमुळे सळईवर एक संरक्षक थर धरतो, क्लोराइड तो फोडतं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीट फुटतं. आमच्याकडे ते निदान बाहेरून दिसतं, पोपडे पडतात. तुमच्या मॉलमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर लपलेलं वेल्ड कोण बघणार? मला खरी भीती तिथे वाटते. मालकांना विचारा, दर दोन वर्षांनी सीलिंग उघडून प्रत्येक जोड बघायला भाडेकरू दुकान बंद ठेवतील का? आणि इमारत विकली तर नवा मालक हे बंधन पाळेल का?

---

प्रतिसाद, कॅलगरीहून

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आधी एक गैरसमज दूर करा. "आम्ही छतावर मीठ टाकणारच नाही" असं आश्वासन प्रत्येक मालक देतो. त्याने काही होत नाही, कारण गाड्या चाकांच्या खोबणीत खारट चिखल घेऊन येतात आणि तो तुमच्या स्लॅबवर वितळतो. त्यात खाली गरम दुकानं. बर्फ खालून वितळतो, पाणी भेगेत जातं, रात्री गोठून भेग रुंदावतं.

आकडा हवा ना, हा घ्या. गाड्यांच्या पार्किंगचा डिझाइन लोड (जेवढं वजन धरून स्लॅब आखतात ते) २.४ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला साधारण २४५ किलो. बर्फ सारणाऱ्या गाडीच्या नांगराने ढकलून कोपऱ्यात रचलेला, दबलेला बर्फ घनमीटरला ४०० किलो सहज भरतो. दोन मीटरचा ढीग झाला की चौरस मीटरला ८०० किलो! ड्रायव्हर तो रोज त्याच कोपऱ्यात रचणार. शिवाय नांगराचं पातं मेम्ब्रेन ओरबाडतं, ते वेगळंच.

माझा सल्ला, पार्किंगची इमारत शेजारी वेगळी उभी करा आणि बंदिस्त पुलाने मॉलला जोडा. आमच्या शहरात १९७० पासून प्लस फिफ्टीन पूल आहेत, जमिनीपासून सुमारे १५ फुटांवर, लोक त्यातून हिवाळाभर कोट न घालता फिरतात. वेगळी इमारत गळली तरी पाणी माणसांच्या डोक्यावर येत नाही, सगळे जोड उघडे दिसतात, आणि दुरुस्तीसाठी मॉल बंद ठेवावा लागत नाही. मजले चढवले की जागाही कमी लागते.

छतावरच करायचं ठरलं, तर सीएसए एस ४१३ हे पार्किंगच्या इमारतींचं कॅनडातलं मानक पहिल्या पानावर लिहा. काँक्रीट ३५ मेगापास्कल, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या आत, ५ ते ८ टक्के हवा धरलेलं (गोठण्याचा ताण सोसायला आत बारीक बुडबुडे ठेवलेलं). किमान २ टक्के उतार, गोठणार नाहीत असे ड्रेन, अखंड मेम्ब्रेन. त्यावर बर्फ रचायची जागा नकाशात दाखवून तेवढा भाग वेगळ्या लोडला डिझाइन करा. पोकळ प्रीकास्ट (कारखान्यात ओतून आणलेले) स्लॅब मात्र मुळीच नको. एलियट लेकला तेच होते.

---

प्रतिसाद, मिनिआपोलिसहून

चौकाबद्दल. मॉल ऑफ अमेरिकाचं, दारांजवळचा आणि तळघरातला काही भाग सोडला तर, खरं आहे. काचेतून येणारं ऊन, दिवे आणि माणसांची ऊब यावर तिथलं भागतं. पण ते प्रचंड आहे आणि तिथे गर्दी असते. तुमच्या गावात जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी किती माणसं असतील? ती ऊब गृहीत धरू नका.

मला काळजी आहे ती काचेवरच्या दवाची. आत २१ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ७ अंशांच्या आसपास येतो. काचेची आतली बाजू त्याखाली गेली की चौकात थेंब पडायला लागतील. कझाकस्तानातल्या अस्तानाच्या खान शातिर या तंबूच्या आकाराच्या मॉलमध्ये आवरणाच्या आतल्या अंगाने गरम हवा वर सोडतात, बर्फ धरू नये म्हणून. तुम्हीही काचेच्या कडेने तशी हवा सोडा, आणि हिवाळ्यात आर्द्रता कमी ठेवा.

दारंही सांभाळा. बाहेर उणे २५ असताना गरम हवा वर पळते आणि खालून थंड हवा ओढली जाते. दर मीटर उंचीला सुमारे २ पास्कल दाबाचा फरक पडतो, १८ मीटरच्या चौकाला ४० च्या आसपास. दुहेरी दारांमधली जागा इतकी लांब ठेवा की ढकलगाडी घेतलेलं कुटुंब आत आल्यावरच दुसरं दार उघडेल.

---

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. २४५ विरुद्ध ८०० किलो हा आकडा आणि सीलिंग उघडायचा प्रश्न, दोन्ही घेऊन बसते आहे. वेगळी इमारत आणि पूल असा पर्याय स्केच करून ठेवला आहे. सुरुंगाचं काम टळतं, पण पुलाला मॉलपासून स्वतंत्र पाया द्यावा लागेल, आणि दोन्ही इमारती थंडीने वेगवेगळ्या आकसतील. कॅलगरीच्या दादा, पुलाच्या टोकाचा एक्स्पान्शन जॉइंट (आकसण्या-फुगण्यासाठी सोडलेली फट) तुम्ही कुठल्या बाजूला देता? पार्किंगच्या, की मॉलच्या?