खरी गोची शेतीत आहे
देशातून हवेत किती हरितगृह वायू (पृथ्वी तापवणारे वायू) जातात ते काढणं सोपं आहे, असं काही जण म्हणतात: इंधन किती खपलं ते माहितीच असतं, प्रत्येक इंधनातून किती वायू निघतो त्याने गुणाकार केला की देशाचं उत्सर्जन निघालं. कोळसा-पेट्रोलच्या कार्बन डायऑक्साइडपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे, पण शेतीचं काय? आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती) उत्सर्जन मोजण्याच्या २००६ च्या गाइडलाइन्समध्ये शेतात टाकलेल्या खतातला १ टक्का नायट्रोजन नायट्रस ऑक्साइड (हाही हरितगृह वायूच) होऊन उडतो असं धरलंय, आणि तिथेच रेंज दिलीये ०.३ ते ३ टक्के, म्हणजे दहापट फरक! माती किती ओली, पाऊस कधी पडला, यावर सगळं ठरतं आणि प्रत्येक शेतात मोजमाप करणं शक्यच नाही. शिवाय मिथेन हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा किती पट तापवतो, तो आकडा कधी २१ पट, कधी २५, आता २८ धरतात, तेव्हा जुन्या-नव्या रिपोर्टांची तुलना करताना आधी तेवढं नक्की बघा.