दुसऱ्या राज्यातल्या वकिलाची तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी,

सासरे गेल्यावर त्यांच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घराचं आणि मृत्युपत्राचं काम ओळखीतून एका वकिलांकडे दिलं. त्यांचं ऑफिस दुसऱ्या राज्यात. अडीच हजार डॉलर आगाऊ घेतले, आणि पाच महिने ना फोन, ना ईमेल. परवा कळलं, त्यांच्याकडे न्यू जर्सीची सनदच नाही! मग इथे त्यांना कोणी जाब विचारू शकतं का? पत्ताही बदललेला दिसतो, नोटीस कुठे बजावणार? सासूबाईंची झोप उडाली आहे.

*

ताई,

धीर सोडू नका. मी चार वर्षं इथल्या डिस्ट्रिक्ट एथिक्स कमिटीवर, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या समितीवर, बिगर-वकील सभासद होतो. आपल्या डोक्यात भारतातली पद्धत बसलेली असते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिलाचं नाव ज्या बार कौन्सिलच्या यादीत, तक्रार तिथेच. महाराष्ट्र-गोवा कौन्सिलचा वकील दिल्लीत चुकला तरी कागद मुंबईलाच. इथे तसं नाही. न्यू जर्सीच्या वकिलांसाठीच्या आचारनियमांतल्या नियम ८.५ प्रमाणे, इथली सनद नसलेल्या वकिलानं इथे कायद्याचं काम केलं, किंवा करून देतो असं नुसतं सांगितलं, तरी तो इथल्या शिस्तभंगाच्या कारवाईखाली येतो. त्याच्या राज्याचा अधिकारही शाबूत राहतो. म्हणून इथल्या ऑफिस ऑफ अटर्नी एथिक्सकडे, म्हणजे वकिलांच्या शिस्तीचं काम बघणाऱ्या कचेरीकडे, आणि त्याच्या राज्यात, दोन्हीकडे लिहा. विनापरवाना वकिलीची वेगळी कमिटीही इथल्या सुप्रीम कोर्टानं नेमली आहे.

नोटिशीची धावपळ तुमची नाही, त्यांची. इथल्या कोर्टात खास परवानगीनं, म्हणजे प्रो हॅक व्हाइस, उभा राहिलेला वकील सुप्रीम कोर्टाच्या क्लार्कनं आपल्या वतीनं नोटीस स्वीकारावी, याला आधीच संमती देऊन बसलेला असतो. तशी परवानगी त्यानं घेतली होती का, ते बघा. नसेल तर नोंदलेल्या पत्त्यावर सर्टिफाइड आणि साधी, दोन्ही टपालं जातात. तरीही सापडला नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. आरोपपत्रावर २१ दिवसांत उत्तर आलं नाही, तर आरोप कबूल धरले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळे आक्षेप पहिल्याच पत्रात लिहा. ओहायोच्या रफालो नावाच्या वकिलावर सुनावणी सुरू झाल्यानंतर नवा आरोप जोडला गेला. ओहायोच्या निकालावरून फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टानंही त्याची सनद काढली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो फेडरल हुकूम फिरवला, कारण त्या आरोपाची नोटीस त्याला वेळेवर मिळाली नव्हती. एका राज्यानं केलेली शिक्षा दुसऱ्या राज्यात टिकायची तर नोटीस चोख हवी. तुमच्या पत्रात जे नसेल, ते मागाहून घुसवणं अवघड जातं.

*

काका, तुमचे खूप आभार. पैसे परत मिळतील का?

*

ताई, एथिक्सवाले वकिलाला शिक्षा करतात, पैसे वसूल करून देणं हे त्यांचं मुख्य काम नाही. वकिलानं अप्रामाणिकपणे पैसे लाटले असतील, तर अशा अशिलांना भरपाई देणारा क्लायंट प्रोटेक्शन फंड असतो, प्रत्येक राज्यात. त्याच्या राज्याच्या फंडाकडे अर्ज करा. चेकच्या प्रती आणि ईमेल जपून ठेवा. तारखा सासूबाईंना आठवत असतील, त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या. मसुदा झाला की पाठवा, मी वाचून देतो.